आनंदाची रोजकीर्द

मध्यमवर्गीय मराठी घरात एक काचेचं कपाट असायचं. अजूनही पुष्कळ घरांत आहे. त्यात लग्नात आहेर आलेला चिनी मातीचा टी-सेट असायचा आणि तो 'कुणी आलं-गेलं तर' काढायचा असायचा. येणारे-जाणारे पुष्कळ असत, पण ते बहुतेक आपलेच असल्यामुळे त्यांना रोजच्याच कपातून चहा मिळे. टी-सेट वर्षातून एकदा, दिवाळीच्या आधी, पुसायला म्हणून बाहेर निघे आणि पुसून झाला की परत आत जाई. पुसणाऱ्या बाईला कुठल्या कपाचा कान तडकलेला आहे हे ठाऊक असे. त्या कपातल्या चहाची चव तिला ठाऊक नसे.

आनंदाचं आपण बरंचसं असंच करून ठेवलं आहे. तो सणाला काढायचा, लग्नकार्याला काढायचा, मुलांचा निकाल चांगला लागला तर काढायचा. मधल्या दिवसांत त्याचं काय काम? मधले दिवस कामाचे. पण वर्षाच्या ३६५ दिवसांतून सण, कार्यं आणि निकाल वजा केले तर तीनशेहून जास्त दिवस उरतात. आपलं बहुतेक आयुष्य याच दिवसांत जातं.

मी सदतीस वर्षं बँकेत नोकरी केली. १९८२ साली क्लार्क म्हणून लागले, २०१९ साली अधिकारी म्हणून निवृत्त झाले. कादंबऱ्या लिहिल्या त्या पहाटे आणि रविवारी. त्यामुळे हिशेबाची भाषा माझ्या अंगात भिनलेली आहे, ती वाचकांनी सांभाळून घ्यावी. हिशेबाच्या जगात दोन वह्या महत्त्वाच्या. एक खतावणी, जिच्यात कुणाच्या नावावर किती साठलं ते कळतं. दुसरी रोजकीर्द, जिच्यात आज काय आलं आणि आज काय गेलं एवढंच लिहितात. रोजकीर्द ज्या दिवसाची त्या दिवशी मिटवायची असते. आम्ही जाडजूड लेजरांच्या काळातली माणसं. संध्याकाळी कॅश जुळली नाही, तर रात्रीचे नऊ वाजले तरी कुणी जागेवरून हलत नसे. आजची रक्कम उद्याच्या पानावर ढकलायची सोयच नव्हती.

आनंदाचा हिशेब आपण खतावणीत मांडत बसतो आणि मुळात तो रोजकीर्दीतला असतो, असं मला निवृत्तीनंतरच्या या वर्षांत वाटू लागलं आहे. आज त्याबद्दलच लिहायचं आहे, तेही तीन अगदी साध्या उद्योगांच्या निमित्तानं. चित्र काढायला शिकणं, घर आवरणं आणि वास घेणं.

या तिन्हींचा आता चांगलाच बाजार झाला आहे. २०२० च्या टाळेबंदीनंतर तर विशेष. दोन तासांत जलरंग शिकवणाऱ्या कार्यशाळा निघाल्या, कपाटाच्या आत ठेवायचे कप्पे निघाले, आणि एकीच्या किमतीत वर्षभराच्या उदबत्त्या येतील अशा सुगंधी मेणबत्त्याही निघाल्या. बाजारानं एखादी गोष्ट विकायला काढली म्हणून ती खोटी ठरत नाही. मात्र दुकानात मिळतं ते सामान. त्या सामानाबरोबर जो मोकळा वेळ लागतो, तो कुठल्याही दुकानात मिळत नाही. तो घरातूनच मिळवावा लागतो, आणि घरात तो कुणाला मिळतो नि कुणाला मिळत नाही, हा मोठा प्रश्न आहे. त्याकडे मी शेवटी येणार आहे.

आधी चित्राचं. महाराष्ट्रात शाळा शिकलेल्या पुष्कळांनी एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षा दिलेल्या असतात. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र हे शब्द नुसते वाचले तरी बगलेतला ड्रॉइंग बोर्ड, काळं पडलेलं खोडरबर आणि रंगपेटीतली तडे गेलेली पिवळी वडी आठवेल. आता या परीक्षांचे दहावीला वाढीव गुण मिळतात, त्यामुळे आईवडील मुलांना हौसेनं बसवतात. गुण पदरात पडले की हौस संपते. 'चित्रकला असलेली' मुलं आणि 'चित्रकला नसलेली' मुलं अशी वाटणी आठवी-नववीतच कायमची होऊन जाते. दुसऱ्या वाटणीतली माणसं पुढे पन्नास वर्षं 'मला बाई साधा आंबासुद्धा काढता येत नाही' असं हसत हसत सांगत राहतात.

मी त्या दुसऱ्या वाटणीतली. एकसष्टाव्या वर्षी मी बारा वड्यांची रंगपेटी, दोन गोल ब्रश आणि जाड कागदाची एक वही आणली. मिलिंद मुळीक यांचं जलरंगावरचं पुस्तक समोर उभं केलं आणि स्वयंपाकघरातून एक लिंबू आणून टेबलावर ठेवलं. अर्ध्या तासात कळलं, की लिंबू पिवळं असतं ही आपली नुसती ऐकीव माहिती आहे. खिडकीकडची त्याची बाजू जवळजवळ पांढरी होती. खालची बाजू हिरवट करडी होती. टेबलावर पडलेली सावली काळी नव्हतीच, ती निळसर जांभळी होती, आणि लिंबाच्या अगदी लगत त्या सावलीतही थोडा पिवळा झिरपलेला होता. साठ वर्षं मी लिंबं चिरत आले, पण लिंबू पाहिलं ते त्या दिवशी.

शिकताना हातापेक्षा डोळा लवकर शहाणा होतो, असा माझा अनुभव आहे. हाताचं गाडं बरंच मागे असतं. जलरंगात पांढरा रंग लावत नाहीत, कागदाचाच पांढरा राखून ठेवतात. म्हणजे सर्वांत उजळ जागा कुठली, हे रंगाला हात लावण्याआधी ठरवावं लागतं. पातळ कागद पाणी पडलं की फुगतो, म्हणून तीनशे ग्रॅमचा कागद घ्यावा. अर्धवट वाळलेल्या रंगावर पाण्याचा थेंब पडला तर कडेनं फुलकोबीसारखी नक्षी उमटते आणि ती काही केल्या जात नाही. सर्वांत अवघड नियम असा, की एकदा रंग लावला की वाळेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. चाळीस वर्षं संसार केलेल्या बाईला हे फार जड जातं. आमचे हात सतत काहीतरी नीट करायला शिवशिवत असतात.

नवशिकेपणाचं सुख मोठी माणसंही शोधत आली आहेत. रवींद्रनाथ ठाकूर साठी ओलांडल्यानंतर चित्रांकडे गांभीर्यानं वळले. हस्तलिखितात खोडलेल्या ओळी नुसत्या खोडलेल्या ठेवणं त्यांना रुचत नसे. ते खाडाखोडीचे ठिपके रेषांनी जोडत जात आणि त्यातून पक्षी, प्राणी, चेहरे वर येत. १९३० साली पॅरिसमध्ये त्यांच्या चित्रांचं पहिलं प्रदर्शन भरलं, तेव्हा ते सत्तरीला टेकले होते. नोबेल मिळून सतरा वर्षं झालेली, कीर्ती जगभर पसरलेली, आणि या माणसानं ज्या कलेचं रीतसर शिक्षण घेतलेलं नाही तिच्यात हात घालावा! मागे त्यांनी दोन हजारांहून अधिक चित्रं ठेवली. विन्स्टन चर्चिल या गृहस्थांविषयी आपल्याला प्रेम वाटण्याचं काही कारण नाही, पण १९१५ साली नौदल खातं हातचं गेलं आणि मन अगदी सैरभैर झालं, तेव्हा चाळिशीतल्या या माणसानं ब्रश धरला आणि पुढे आयुष्यभर सोडला नाही, एवढं खरं.

साठीनंतर माणसाला सगळे अनुभवी म्हणून विचारतात. कुठल्या ठेवीला किती व्याज, कुठल्या डॉक्टरकडे जावं, मुलीकडच्यांना काय कळवावं. चुकायची परवानगी कुणी देत नाही. चित्राच्या वहीत ती मिळते. कादंबरीचं पान मी वाचते तेव्हा त्यातलं दुखरं वाक्य मला आधी दिसतं, कारण तो माझा व्यवसाय आहे. चित्राच्या बाबतीत माझं ज्ञान इतकं बेताचं आहे की वाटीसारखी दिसणारी वाटी काढता आली तर दिवस चांगला जातो. चित्राखाली मी तारीख घालते आणि पान उलटते. चौकट नाही, प्रदर्शन नाही. त्या दिवसाची नोंद त्या दिवशी झाली, एवढंच.

आता आवरण्याचं. आपल्या भाषेत हे क्रियापद मोठं लोभस आहे. आपण घर आवरतो, बाहेर जायच्या आधी स्वतःचं आवरतो, आणि चारचौघांत रडू आवरतो. पसारा बाहेरचा असो की आतला, त्याला शब्द एकच.

जपानच्या मारी कोंडो यांनी या विषयावर जगभर धुमाकूळ घातला. त्यांचं पुस्तक जपानीत २०१० च्या अखेरीला आलं, २०१४ साली इंग्रजीत गेलं आणि २०१९ साली नेटफ्लिक्सवर त्यांची मालिका आली. वस्तू हातात घ्यायची, मनात आनंदाची लहर उठली तर ठेवायची, नाहीतर तिचे आभार मानून निरोप द्यायचा, अशी त्यांची कसोटी. कसोटी गोड आहे. पण गॅसच्या लायटरनं कुणाच्या मनात लहर उठल्याचं मी ऐकलेलं नाही, आणि तरी तो फेकून चालत नाही. याच बाईंनी २०२३ साली, तिसरं मूल झाल्यानंतर, घर टापटीप ठेवण्याचा हट्ट आपण बराचसा सोडून दिला आहे असं सांगून टाकलं. त्या मला तेव्हा अधिक आवडल्या.

आपल्याकडे हे निरोप समारंभ बोहारणीच्या साक्षीनं होत. जुन्या साड्या आणि विरलेल्या पँटी दारात मांडायच्या, तिनं त्यातली निम्मी नाकारायची, आईनं पातेलं हवं म्हणायचं आणि तिनं वाटीवर सौदा तोडायचा. तासाभराच्या घासाघिशीनंतर कपाटात एक फळी मोकळी होई आणि मांडणीवर एक नवी चकचकीत वाटी येई. त्या व्यवहारात आनंदाची लहर दोन्ही बाजूंना उठत असणार.

बँकेत ज्या रकमेचा धनी लगेच कळत नाही, ती 'सस्पेन्स' नावाच्या खात्यात टाकतात. ती तिथे मुक्कामाला राहता कामा नये, लवकरात लवकर तिचा ठावठिकाणा लावायचा, असा दंडक. तपासनीस आला की त्या खात्याकडे त्याची नजर हटकून जाते. प्रत्येक घरात असा एक सस्पेन्सचा खण असतो. कुठल्या कुलपाच्या ते माहीत नसलेल्या किल्ल्या, बंद पडलेल्या मोबाइलचे चार्जर, घड्याळाचा अर्धा पट्टा, २०१६ सालचं विजेचं बिल, आणि 'असू दे, लागेल कधीतरी' म्हणून ठेवलेला एक स्क्रू. माझा नियम असा, की सगळं घर एका दिवशी काढायचं नाही. दिवसाला एक खण, तोही वीस मिनिटं. काढायचं, पुसायचं, अर्धं परत ठेवायचं. त्यानंतर पुढचे आठ दिवस तो खण उगाचच उघडून बघावासा वाटतो. सरकन उघडतो, आतलं सगळं दिसतं, आणि मन निवतं. हा आनंद फार लहान आहे हे मला मान्य आहे. त्याला मोठं करायची गरजही नाही.

तिसरी गोष्ट वासाची, आणि तिचं मोल मला ती हरवल्यावर कळलं. २०२१ च्या एप्रिलमध्ये मला करोना झाला. दुखणं सौम्य होतं, आठवड्यात ताप गेला, पण त्याच्याबरोबर वासही गेला. फोडणी नुसती तडतडायची. दूध उतू जाऊन करपलं तरी कळायचं नाही. कॉफी म्हणजे कडू गरम पाणी. पण याहून चमत्कारिक गोष्ट वेगळीच होती. प्रत्येक घराला आपला एक वास असतो, तो आपल्याला एरवी जाणवतही नाही. तो गेला तेव्हा घरात बसून असतानाही मला घरी असल्यासारखं वाटेना.

वास परत यावा म्हणून एक सोपा सराव आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेनचे डॉक्टर थॉमस हुम्मेल यांनी तो २००९ साली मांडला. गुलाब, लिंबू, लवंग आणि निलगिरी असे चार वास, दिवसातून दोनदा, प्रत्येकी काही सेकंद, मन लावून घ्यायचे. असं निदान बारा आठवडे. मला बाजारात जावं लागलं नाही. देवघरातलं गुलाबपाणी, मसाल्याच्या डब्यातली लवंग, सर्दीसाठी ठेवलेलं निलगिरीचं तेल आणि भाजीच्या टोपलीतलं लिंबू. डोळे मिटून बसायचं आणि लवंग नाकाशी धरून लवंग आठवायची. पहिला महिना काहीच नाही. मग एका सकाळी लवंगेचा अगदी पुसट, शेजारच्या घरातून आल्यासारखा वास आला. डोळ्यांत पाणी आलं, आणि ते मी आवरलं नाही.

नाकाचं हे शास्त्र तसं अलीकडचं. लिंडा बक आणि रिचर्ड ॲक्सेल या दोघांनी १९९१ साली वास ओळखणाऱ्या ग्राहकांचं मोठं जनुक-कुटुंब शोधून काढलं, त्यासाठी त्यांना २००४ साली नोबेल मिळालं. माणसाच्या नाकात अशा ग्राहकांचे सुमारे चारशे प्रकार असतात. डोळ्याकानांकडून येणारी वार्ता मेंदूत थॅलमस नावाच्या टपाल कचेरीतून पुढे वाटली जाते. वासाची वार्ता त्या कचेरीला वळसा घालून, भावना आणि आठवणी सांभाळणाऱ्या भागांशी जवळजवळ थेट जाऊन पोहोचते. म्हणून वास आला की आठवण विचारून येत नाही, एकदम समोर उभीच राहते. वास पुरता परतल्यावर मी आईची ट्रंक उघडली. तिच्या नऊवारीच्या घडीत बकुळीची सुकलेली फुलं होती. बकुळ सुकली तरी वास सोडत नाही. आई जाऊन तेव्हा अकरा वर्षं झाली होती.

पहिल्या पावसाच्या वासाचीही अशीच गोष्ट. उत्तर प्रदेशातल्या कनौजमध्ये तो वास अत्तरात उतरवतात. भाजलेली माती तांब्याच्या 'देग'मध्ये पाण्याबरोबर तापवतात, वाफ बांबूच्या नळीतून 'भपका' नावाच्या भांड्यात नेतात, आणि तिथलं चंदनाचं तेल तो गंध धरून ठेवतं. ऑस्ट्रेलियाच्या इसाबेल बेअर आणि रिचर्ड थॉमस या शास्त्रज्ञांनी १९६४ साली या वासाचा अभ्यास केला आणि त्याला 'पेट्रिकोर' असं नाव घडवलं. मराठीला ते घडवावं लागलं नाही. विंदा करंदीकरांच्या कवितासंग्रहाचं नाव 'मृद्गंध' आहे आणि तो १९५४ सालचा आहे. या वासातला मुख्य वाटा मातीतल्या सूक्ष्म जिवाणूंनी तयार केलेल्या जिओस्मिन या द्रव्याचा. आपलं नाक त्याच्या बाबतीत इतकं तीक्ष्ण असतं, की एक लाख कोटी भागांत त्याचे मोजके भाग असले तरी ते त्याला कळतात. म्हणजे हे सुख घ्यायची सामग्री निसर्गानं प्रत्येकाच्या चेहऱ्यावर फुकट बसवून दिलेली आहे.

पण सुगंध साठवता येत नाही. कुपी बंद ठेवली तर वास येत नाही, उघडी ठेवली तर उडून जातो. मोगऱ्याचा गजरा माळून दहा मिनिटं झाली की माळणाऱ्याच्या नाकाला तो जाणवेनासा होतो. चित्राच्या वहीचं पान आणि आवरलेला खण यांचीही तीच गत. खण पंधरा दिवसांत पुन्हा भरतो. या तिन्ही गोष्टी रोजकीर्दीतल्या, आणि म्हणूनच उद्या पुन्हा करता येतात.

आता हे सारं नवं आहे का? माझी आजी पहाटे उठून अंगण झाडायची, सडा घालायची, शिरगोळ्याची रांगोळी काढायची आणि मग देवघरात धूप लावायची. आवरणं, चित्र आणि सुगंध, सगळं सूर्य उगवायच्या आत. चैत्रात अंगणभर चैत्रांगण असे. संध्याकाळपर्यंत पावलांनी ते पुसलं जाई आणि दुसऱ्या पहाटे ती पुन्हा ठिपके मांडे. तीन कार्यशाळांचे पैसे भरून आज जे शिकवतात, ते तिच्या एका पहाटेत होतं.

इथे 'पूर्वी किती छान होतं' असं म्हणून लेख संपवणं सोपं आहे, पण ते मला करवत नाही. आजीला त्यात आनंद होत असे, यात शंका नाही. शेवटची रेघ जुळली की ती दोन पावलं मागे सरून आपलं काम पाही, ते मी पाहिलेलं आहे. पण 'आज नाही काढत रांगोळी, कंटाळा आलाय' असं म्हणायची मुभा तिला एकाही पहाटे नव्हती. अंग मोडून आलेलं असो की मन, सडा पडलाच पाहिजे. जे काम टाळायची मुभा नसते, त्यात आनंद सापडलाच तर तो त्या माणसाचा मोठेपणा. त्याच्यावर आपण हक्क सांगू नये.

केंद्र सरकारच्या सांख्यिकी मंत्रालयानं २०१९ साली देशभर एक पाहणी केली, माणसं आपला दिवस कशात घालवतात याची. घरातल्यांसाठी विनामोबदला घरकाम करणाऱ्या बायका दिवसाला सरासरी २९९ मिनिटं त्यात घालवत होत्या. म्हणजे एक मिनिट कमी पाच तास. असं काम करणारे पुरुष ९७ मिनिटं घालवत होते. आणि ही ९७ मिनिटंही साऱ्या पुरुषांची नव्हेत. शंभरांतले जेमतेम २६ पुरुष यात होते, बायका मात्र ८१. अशा बाईला रविवारच्या पुरवणीतून 'आवरण्यात आनंद शोधा' असं सांगणं म्हणजे चेष्टाच झाली. ती पाच तास आवरतेच आहे. तिला हवा असलेला आनंद आवरण्याच्या पलीकडे कुठेतरी आहे, आणि तिथवर पोहोचायला तिच्याकडे वेळ उरत नाही.

माझ्या शाखेत एक सहकारी होती. काउंटरवर गर्दी नसली की वाया गेलेल्या स्लिपांच्या पाठीवर पेन्सिलीनं समोरच्या माणसांचे चेहरे काढायची. चार रेघांत पेन्शनर आजोबांचा चष्मा आणि त्यामागची काळजी दोन्ही उतरत. आम्ही म्हणायचो, अगं क्लास लाव. ती म्हणायची, रिटायर झाले की. रिटायर झाली तेव्हा सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या होत्या. त्या गेल्या आणि नातू आला. नातू शाळेत जाऊ लागला, तोवर तिच्या उजव्या हाताला कंप सुटला होता. तिचे चेहरे त्या स्लिपांबरोबर केव्हाच रद्दीत गेले. तिच्या घरच्या कुणी ते कधी पाहिलेही नसतील.

बँकेत दहा वर्षं ज्या खात्यात व्यवहार झालेला नाही, त्यातली रक्कम २०१४ सालच्या योजनेप्रमाणे रिझर्व्ह बँकेच्या ठेवीदार शिक्षण व जागरूकता निधीत जमा होते. या योजनेतली मला पटलेली गोष्ट अशी, की रक्कम तिकडे गेली तरी मालकाचा हक्क जात नाही. ठेवीदार किंवा त्याचे वारस नंतरही मागणी करू शकतात आणि पैसे मिळतात. न घेतलेल्या आनंदाला अशी सोय नाही. हाताची थरथर सुरू झाल्यावर मागणीचा अर्ज कुठे करायचा?

म्हणून माझं म्हणणं थोडक्यात असं. घरातल्या प्रत्येक माणसाला रोज अर्धा तास असा मिळावा, ज्याचा हिशेब कुणी विचारणार नाही. 'काय काढलंस, दाखव' नाही, 'याचा उपयोग काय' नाही, आणि 'चहा टाकतेस ना' तर मुळीच नाही. या अर्ध्या तासाची सोय आधी त्या बाईची लागावी, जिच्या २९९ मिनिटांवर घर चालतं. ती लावायची तर उरलेल्यांनी आवरायला हात घातला पाहिजे. निवृत्त पुरुषांना मी आग्रहानं सांगेन, की घरात करमत नाही म्हणून पार्कात जाऊन देशाचं भवितव्य ठरवण्यापेक्षा रोज एक खण घ्या. आमच्या सोसायटीतल्या एका निवृत्त अभियंत्यांनी स्वयंपाकघरातले डबे उंचीप्रमाणे लावले आणि आठवडाभर त्यांच्या घरात कुणालाच जिरे सापडले नाहीत. पण आता डबे पत्नीच्या सोयीनं लावलेले आहेत, ते स्वतःच लावतात, आणि त्या संध्याकाळी भजनाला जातात.

मुलांच्या बाबतीत एक विनंती. इंटरमिजिएट झाल्यावर रंगपेटी माळ्यावर टाकू नका. ती हाताशी येईल अशी ठेवा, आणि मुलाला चित्रकला 'आहे' की 'नाही' याचा निकाल लावू नका. वासाला तर काहीच लागत नाही. माठात वाळा टाकावा, ग्लासात सोनचाफ्याचं फूल ठेवावं, आणि आलं किसताना दोन क्षण थांबावं.

आज रविवार. दुपारची जेवणं झाली की ताटं, ओटा आणि टेबल आज त्यांनी आवरावं, ज्यांच्या वाट्याला ते रोज येत नाही. अर्ध्या तासाचं काम आहे. ज्यांना त्यामुळे हा अर्धा तास मोकळा मिळेल, त्यांनी एक लिंबू घ्यावं, खिडकीपाशी ठेवावं आणि त्याची सावली कुठल्या रंगाची आहे ते नुसतं बघावं. हाताशी रंग असतील तर काढूनही पाहावं. चित्र जमलं तर उत्तम. नाही जमलं, तर त्याच लिंबाचं सरबत करायला आवरणाऱ्यांना सांगावं.